डिमरवर एलईडी फडफडतायत, काय करू?

वायरमन_नाही_मी: हॉलमधे जुना गोल नॉबवाला डिमर (उजेड कमी-जास्त करायचा स्विच) आहे, त्याच्यावर ६० वॉटचे चार पिवळे बल्ब मस्त चालायचे, आता ९ वॉटचे एलईडी लावले तर नॉब अर्ध्यावर आला की फडफडतात आणि अजून खाली नेला की एकदम बंद. खोक्यावर डिमेबल लिहिलंय हो. डिमर गेला का?

बापू६७: डिमर ठणठणीत असणार. आत ट्रायॅक म्हणजे एक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, तो ५० हर्ट्झच्या प्रत्येक अर्ध्या लाटेची सुरुवात कापतो म्हणजे सेकंदाला १०० वेळा बंद-चालू, तापलेल्या फिलामेंटला ते कळतही नाही. पण ट्रायॅक चालू राहायला थोडा करंट सतत वाहावा लागतो, २४० वॉटच्या जागी ३६ वॉट आले की तो मधेच बंद पडतो, मग फडफड होणारच. एक बल्ब जुना लावून बघा.

शॉकप्रूफ: ट्रेलिंग एज डिमर घ्या, तो लाटेचा शेवट कापतो, बहुतेक एलईडीला तोच मानवतो. किमान लोड किती ते मागच्या बाजूला छापलेलं असतं, ते बघूनच घ्या. आणि कोणी पंख्याचा रेग्युलेटर लावा म्हणालं तर सरळ नाही म्हणा!

वायरमन_नाही_मी: बापू, एक जुना लावला, फडफड गायब. पण वीज वाचवायला एलईडी घेतले ना 😅 डिमरच बदलतो.

बापू६७: बदला, पण आधी मेन स्विच बंद.