सासूबाईंची अर्धी गोधडी आणि दोन ट्रंका कापड, कुठून हात घालू?

सुदामानगर_वहिनी

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, लग्न होऊन इथे आले त्याला २८ वर्षं झाली. विषय कापडाचा आहे आणि जरा लांबण लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय अंदाज येणार नाही.

माझ्याकडे २ लोखंडी ट्रंका आणि दिवाणाचा एक अख्खा कप्पा भरून कापड आहे. मुद्दाम विकत आणलेलं त्यात थोडंच, बाकी साठत गेलेलं. सासरे मिलमध्ये होते तेव्हा घरात यायचे ते लठ्ठ्याचे आणि पॉपलिनचे तुकडे, मुलींच्या फ्रॉकांच्या कतरनी, माझ्या आईची २ नऊवारी, सासूबाईंच्या सुती साड्या, धारला जाणं झालं की हमखास घेतलेले बाग प्रिंटचे (तिकडच्या बाग गावचं ठशांनी छापलेलं कापड) ४-५ तुकडे, महेश्वरीचे काठ, आणि ड्रेस शिवून उरलेलं अर्धा मीटर, पाऊण मीटर असं कितीतरी. दर वर्षी पाऊस संपला की ट्रंक उघडते, उन्हं देते, कडुनिंबाचा पाला बदलते, घड्या पालटते आणि परत ठेवून देते. यंदा उघडली तर आईच्या एका नऊवारीला कसर लागलेली. घडी उलगडत गेले तशी एकाच जागी, प्रत्येक थरात, तीच छोटी छोटी भोकं. दिवसभर चैन पडलं नाही हो. जपून जपून जर असंच जाणार असेल तर जपलं कशासाठी असं झालं.

आता खरं दुखणं. अर्धवट राहिलेल्या वस्तू ३ आहेत. एक बाळाचं दुपटं, मोठीसाठी घेतलेलं, ती आता २४ ची आहे. एक षटकोनी तुकड्यांचं काहीतरी, यूट्यूबवर बघून सुरू केलेलं, ४० षटकोन झाले नि थांबलं. आणि तिसरी सासूबाईंची गोधडी. त्यांनी २०११ च्या थंडीत शिवायला घेतली होती. चारी कडांनी धावदोरा घालत आत आत येत होत्या, साधारण अर्ध्यावर आल्या आणि हाताला कंप सुटला, मग राहिलीच. २०१४ मध्ये त्या गेल्या. मी ती तशीच चादरीत बांधून माळ्यावर ठेवलेली. परवा सोडली तर सुई अजून टाक्यात होती, दोरा ओवलेला. सुईला गंज चढून कापडावर तपकिरी रेघ उमटली आहे. टाके त्यांचे तांदळाच्या दाण्याएवढे, वरून खालून सारखे, मधली जागाही तेवढीच. माझा टाका म्हणजे त्यांच्या दोन टाक्यांएवढा, आणि सरळही नाही.

तर विचारायचं असं की ही उसवून सगळी एकसारखी नव्याने घालू का, की उरलेली मशीनवर मारून टाकू, की हात न लावता तशीच ठेवू? आणि बाकी कापडाला सुरुवात कुठून करू? बाग प्रिंटवर कात्री चालवायला हात धजत नाही. दर वेळी विचार करून राहते आणि पेटी बंद होते.

मावशी_रामबाग

वहिनी, आधी त्या सुईचं बघा. मागे ओढू नका, गंजलेली सुई कापडाचे धागे घेऊन येते. टोकाच्या दिशेने, थोडी थोडी फिरवत पुढे काढा. गंजाच्या डागावर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवायचं, वाळलं की स्वच्छ पाण्याने धुवायचं, दोन-तीनदा करावं लागतं. पण छापील किंवा रंगीत कापड असेल तर लिंबू रंगही खातो, म्हणून आधी कोपऱ्यात बघा. नाहीच गेला तर वर एक छोटं ठिगळ लावा, गोधडीला ठिगळाची कसली लाज.

आणि उसवू अजिबात नका.

धारवाली

बाग प्रिंटबद्दल सांगते कारण माझं माहेरच धारचं आणि घरात हेच कापड वापरात वाढलो. त्यातला लाल तुरटी आणि अलिझरिन या रंगाचा असतो आणि काळा लोखंडाच्या पाण्यातून येतो. हा लोखंडाचा काळा वर्षानुवर्षं कापड खात राहतो, म्हणून खूप जुना तुकडा असेल तर काळ्या छापाच्या जागी बोटाने हलकेच ताणून बघा, विरलेला असला तर तिथेच आधी जातो. म्हणजे ट्रंकेत ठेवून तो टिकतोय असं समजू नका, ठेवणीतही त्याचं वय होतच असतं. कापून वापरलात तर निदान डोळ्यासमोर राहील.

न धुतलेला असेल तर गोधडीत घालण्याआधी ३-४ वेळा साध्या थंड पाण्यातून काढा. मीठ घातल्याने रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, छापलेल्या कापडाला त्याने काही होत नाही, जो जादा रंग आहे तो निघून जाऊ दे एवढंच. मग ओला तुकडा पांढऱ्या फडक्यावर ठेवून इस्त्री दाबायची. फडकं कोरं राहिलं की समजा झालं. हे केलं नाही तर पहिल्या धुण्यात शेजारचे सगळे फिके तुकडे गुलाबी होतात, माझ्या बहिणीचं अख्खं बेडकव्हर असं गेलंय.

शिलाईवाला_४०वर्षं

नमस्कार ताई. मी क्लॉथ मार्केटच्या बाजूलाच शिवणकाम करतो, वडीलही हेच करायचे. मला भावनेचं फार बोलता येत नाही, हिशोब सांगतो.

पहिलं काम, कापड वेगळं करा. रंगावर जाऊ नका, जातीवर जा. सुती एकीकडे, मिक्स आणि पॉलिस्टर एकीकडे. ओळखू येत नसेल तर काठाचे ४ धागे काढून चिमट्यात धरून पेटवा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरते, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. सुती आणि पॉलिस्टर एका गोधडीत घालू नका, एक आटतं दुसरं आटत नाही, दोन धुण्यांत चुण्या पडतात. लठ्ठा कोरा असेल तर तो रात्रभर भिजवून खळ काढून टाका, नाहीतर तो सगळ्यात जास्त आटेल.

दुसरं, माप एकच ठेवा. साडेसहा इंचाचा चौकोन. पाव पाव इंच शिलाईत गेला की ६ इंच उरतो. ४४ इंच पन्ह्याच्या अर्ध्या मीटरमधून असे १८ निघतात. सिंगल बेडला ६० बाय ९० इंच म्हणजे १० आडवे १५ उभे, १५० चौकोन. तुमच्याकडचे अर्ध्या अर्ध्या मीटरचे ९ तुकडे काढा, १६२ होतात, १२ वर शिल्लक. म्हणजे दोन ट्रंकांमधल्या फक्त ९ तुकड्यांत वरची बाजू तयार. खालच्या बाजूला एक जुनी सुती साडी, तिचे ९६ इंचाचे २ पट्टे जोडले की ८५ च्या वर रुंदी मिळते, पुष्कळ झाली. मध्ये आईची नऊवारी घाला. कसरीची भोकं आतल्या थरात कुणाला दिसत नाहीत आणि साडी कामी येते. फक्त आधी कडक ऊन आणि गरम इस्त्री द्या, अंडी राहिली तर बाकीचं खातील.

महेश्वरी मात्र बाजूला ठेवा. तिच्यात ताणा, म्हणजे उभा धागा, रेशमाचा असतो, जुनी झाली की घडीवर चिरते, जाड दोऱ्याचा टाका तिला फाडतो. काठ घ्यायचेच असतील तर मागून मलमल लावून घ्या.

आता सासूबाईंच्या गोधडीचं. मशीन चालवू नका, हे मी मशीनवाला सांगतोय. इतके थर मशीनच्या पायाखाली दाबले की वरचं कापड पुढे सरकतं आणि मध्ये फुगा येतो. हातानेच पुरी करा. आणि एक मोजून सांगाल का? गोधडी केवढी आहे, कडेपासून किती इंच शिवून झालीय आणि दोन ओळींत अंतर किती?

सुदामानगर_वहिनी

दादा, टेप घेऊनच बसले. ६० बाय ९० च आहे, बरोबर तुम्ही म्हणालात तीच. चारी बाजूंनी १५-१५ इंच झालेली आहे. ओळींत अर्धा इंच, कुठेही कमी जास्त नाही, मला वाटलं त्या पट्टी ठेवून करायच्या पण नाही, नुसत्या अंदाजाने.

शिलाईवाला_४०वर्षं

मग ती अर्धी नाहीच. १५-१५ वजा करा, मध्ये उरलं ३० बाय ६०. म्हणजे १८०० चौरस इंच, आणि पूर्ण गोधडी ५४०० ची. दोन तृतीयांश त्या करून गेल्या आहेत, तुमच्या वाट्याला एकच तृतीयांश. अर्ध्या इंचाच्या हिशोबाने ३० फेरे. पहिला फेरा १८० इंच, साडेचार मीटर, आणि रोज आत जाल तसा फेरा लहान होत जातो. एकूण टाका साधारण ९० मीटर, दोरा १२० मीटर धरा. रोज एक फेरा घातला तर महिन्याभरात थंडी पडायच्या आत अंगावर येते.

ग्वाल्हेरची_नात

मी हे सगळं वाचतेय आणि राहवत नाही म्हणून लिहितेय. आमच्याकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझ्या आत्याची अशीच एक राहिली होती, माझ्या बालपणी आत्या माझी वेणी घालायची आणि वेणी झाली की गोधडी घेऊन बसायची, मी शेजारी बसून तिला सुईत दोरा ओवून द्यायचे कारण तिला चष्म्यातूनही सुईचं नेढं दिसायचं नाही. ती गेल्यावर गोधडी माझ्याकडे आली. मी नेमकी चूक केली ती हीच, माझा टाका तिच्या टाक्याशी जुळेना म्हणून तिचे ६ फेरे उसवले, म्हटलं सगळं एकसारखं होईल. उसवल्यावर कापडावर तिच्या टाक्यांची भोकं तशीच राहिली, धुतली तरी पूर्ण मिटली नाहीत, आणि त्यावर माझे मोठे टाके. आता ती गोधडी पांघरते तेव्हा त्या जागी हात जातो आणि वाईट वाटतं. उरलेले तिचे फेरे आहेत तिथे हात फिरवला की वेगळंच लागतं, बारीक खडबडीत, उन्हात वाळलेल्या कुरडईसारखं.

म्हणून सांगते वहिनी, तुमचा टाका मोठा असेल तर मोठाच घाला. मुद्दाम त्यांच्यासारखा बारीक करायला जाऊ नका, ४ फेऱ्यांनंतर मान दुखेल आणि परत माळ्यावर जाईल. जिथे त्यांचा टाका संपतो आणि तुमचा सुरू होतो तिथून दोरा वेगळ्या रंगाचा घ्या. नातवंडं विचारतील हे रंग का बदलला, त्यांना सांगता येईल.

मावशी_रामबाग

रंग बदलण्याचं मला पटत नाही, गोधडी एका दोऱ्याची असावी असं आमच्या घरात म्हणायचे. पण ज्याची त्याची मर्जी. टाका मोठा चालेल हे मात्र खरं, आणि अंगुस्तान घालायला विसरू नका, इतक्या थरांतून सुई ढकलताना बोटाला भोक पडतं.

बडोद्याहून

दुपट्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. २४ वर्षांच्या मुलीसाठी घेतलेलं दुपटं पूर्ण करून ठेवा ना, लहान आहे, आठवड्यात होईल. माझ्या आईने माझ्यासाठी घेतलेली कुंची अशीच राहिली होती, ती माझ्या मुलाच्या बारशाला कामी आली. षटकोनांचं वाटलं तर ४० मध्येच थांबवा, उशीचा अभ्रा होतो, सगळंच काही पलंगाएवढं व्हायला पाहिजे असं नाही.

आणि नवं कापड घेणं ट्रंकेतलं निम्मं संपेपर्यंत बंद ठेवा, हे मी स्वतः करतेय, अवघड आहे पण होतं.

सुदामानगर_वहिनी

सगळ्यांचे मनापासून आभार. ८ दिवस काही लिहिलं नाही कारण खरंच कामाला लागले होते.

आधी वेगळं करायला घेतलं. माझी धाकटी चिमट्यात धागे धरून जाळत बसली, तिला फार मजा आली, जवळजवळ एक ट्रंक पॉलिस्टर आणि मिक्सच निघाली. त्यातलं धड होतं ते आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंनी पिशव्या शिवायला नेलं, चिंध्या सुक्या कचऱ्यात गाडीला दिल्या. बाग प्रिंटचे दोन तुकडे काळ्याजवळ खरंच विरलेले होते, ताणल्यावर सर्रकन फाटले. १५ वर्षं मी ते जपत होते. बाकीचे ३ कापले. पहिली कात्री चालवली तेव्हा हात थरथरला, दुसऱ्या चौकोनापासून काही वाटलं नाही. आत्तापर्यंत ५४ चौकोन झालेत, गठ्ठा करून सुतळीने बांधून ठेवलेत.

सुई निघाली, मावशी सांगत होत्या तशीच पुढे फिरवत फिरवत. डाग लिंबाने अर्धा गेला, अर्धा राहिला. तो मी तसाच राहू देणार आहे. सुई डबीत ठेवली, सासूबाईंच्या चष्म्याच्या डबीत.

दोऱ्याचं मात्र दोघींमध्ये कुणाचं ऐकू हे ठरेना. शेवटी सासूबाईंच्याच शिवणाच्या डब्यात तोच पांढरा दोरा सापडला, रीळ अर्धं उरलेलं. पण ओढून बघितला तर तटकन तुटला, जुना झालाय. मग ग्वाल्हेरच्या ताई म्हणाल्या तसं केलं, निळा घेतला, जाड सुती, मेणावरून ओढून. परवा रात्री जेवणं झाल्यावर बसले. पहिला फेरा घालायला २ तास लागले आणि एका बाजूला ओळ जरा तिरकी गेली, अंतर कधी अर्धा कधी पाऊण. यजमान समोर पेपर वाचत होते, थोड्या वेळाने पेपर ठेवून जवळ आले आणि आईचा टाका कुठे संपतो ते बोटाने शोधत बसले. काहीच बोलले नाहीत, पण काल स्वतःच गोधडी काढून दिवाणावर पसरून ठेवली होती माझ्यासाठी.

दोन फेरे झाले, २८ राहिले. शिलाईवाले दादा, कोपऱ्यावर वळताना कापड गोळा होतंय, तिथे टाका कसा वळवू ते सांगा.