मदत हवी आहे: ३ वर्षांच्या मुलीचा डीएमएसए स्कॅन, डोस किती असावा? (नाशिक)

नमस्कार मंडळी. न्यूक्लिअर मेडिसिनमधलं कुणी इथे असेल तर सल्ला हवा आहे.

आम्ही इंदिरानगरला राहतो. मुलीचं वजन १२ किलो. तिला तापासकट युरिन इन्फेक्शन पुन्हा झालं आणि सोनोग्राफीत उजवी किडनी जरा लहान दिसली. किडनीवर वण राहिलाय का ते बघायला बालरोगतज्ज्ञांनी डीएमएसए स्कॅन (किडनीत बसणारं किरणोत्सारी औषध टोचून फोटो काढतात तो) सांगितलाय, तोही इन्फेक्शननंतर काही महिने थांबून. स्कॅन करायचाच आहे. शंका फक्त डोसची.

सेंटरला फोन केला तर "मोठ्यांच्या निम्मा देतो" असं कळलं. मोठ्यांना किती? "पाच." पाच काय, ते काही त्या ताईंना सांगता आलं नाही. (मिलिक्युरी, म्हणजे किरणोत्साराचं माप, असं नंतर समजलं.) मेहुणे फार्मसीतले, ते म्हणतात मोठ्यांचा डोस गुणिले वजन भागिले ७०, म्हणजे ०.८६. अमेरिकेतल्या तक्त्यात किलोला ०.०५ दिसतं, म्हणजे ०.६. एकाच पोरीसाठी २.५, ०.८६ आणि ०.६! मग मी सरळ "०.३ च द्या" म्हणू का? आणि असं विचारलेलं डॉक्टरांना खपतं का?

"रेडिएशन नकोच" हा सल्ला घरात सासूबाईंकडून मिळतोय, तेवढा सोडून बोला.

प्रतिसाद १

मी याच क्षेत्रात टेक्नॉलॉजिस्ट आहे. दादा, तुमचा ०.६ बरोबर आहे. उत्तर अमेरिकेतल्या संस्थांनी २०१० मध्ये मिळून मुलांसाठी तक्ता ठरवला, २०१६ मध्ये सुधारला. त्यात डीएमएसए किलोला १.८५ मेगाबेकेरल (त्याच मोजणीचं दुसरं एकक), म्हणजेच ०.०५ मिलिक्युरी. युरोपच्या न्यूक्लिअर मेडिसिन संघटनेचं (ईएएनएम) डोसकार्ड वेगळ्या पद्धतीने मोजतं, तरी १२ किलोला २१ मेगाबेकेरलच्या आसपासच येतं. तुमच्या हिशोबाने २२. दोघांत फारसा फरक नाही.

मेहुण्यांचा नियम जुना आहे. त्याचा पाया मोठ्यांचा डोस. तोच चढा धरला की मुलाचाही चढाच येतो. आणि निम्मा हा काही हिशोबच नव्हे. ६ किलोचं बाळ आणि ३० किलोचा मुलगा, दोघांना निम्मा?

पण ०.३ मागू नका. तक्त्यात खालची मर्यादाही आहे: डीएमएसएला १८.५ मेगाबेकेरल, म्हणजे अर्धा मिलिक्युरी. ६ किलोच्या बाळालाही वजनाने ०.३ येत असताना ०.५ च देतात. औषध फार कमी असलं की कॅमेऱ्याला पुरेसे किरण मिळत नाहीत, चित्र खरबरीत येतं. ते सुधारायला मुलाला जास्त वेळ निश्चल ठेवावं लागतं, आणि ३ वर्षांचं मूल तेवढं थांबत नाही. वण दिसलाच नाही तर स्कॅन परत करावा लागतो. मग वाचवलं काय?

०.६ ला शरीराला मिळणारं रेडिएशन १ मिलिसिव्हर्टच्या (शरीराला बसलेल्या रेडिएशनचं माप) आत राहतं. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतं. २.५ मिलिक्युरी दिले तरी आभाळ कोसळणार नाही, पण गरज नसताना चौपट कशाला?

प्रतिसाद २

फोनवरच्या माणसाशी वाद घालू नका, डोस तो ठरवत नाही. न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांना भेटा आणि विचारा, "वजनावर देता ना? कोणत्या तक्त्याने?" चांगला डॉक्टर यावर चिडत नाही. चिडला तर दुसरं सेंटर बघा. त्या दिवशीचं वजन तिथेच करून घ्या, दवाखान्याच्या जुन्या फाइलमधलं नको. सिरिंज देण्याआधी डोस कॅलिब्रेटरमध्ये (औषधातला किरणोत्सार मोजायचं यंत्र) मोजतातच, तो आकडा रिपोर्टवर लिहून मागा.

आमच्या मुलाच्या वेळी खरा त्रास थांबण्याचा झाला. इंजेक्शननंतर औषध किडनीत बसायला दोन-तीन तास जातात, मग फोटो. उपाशी ठेवावं लागलं नाही, उलट पाणी भरपूर पाजायला सांगितलं. भूल देणार असतील तर मात्र उपाशी राहण्याचा नियम वेगळा, तो आधीच विचारा. आम्ही झोपेची वेळ साधली, तो कॅमेऱ्याखाली घोरत होता.

धागाकर्ता

दोघांचे आभार. उद्याच डॉक्टरांची वेळ घेतो. एक राहिलं: बायको गरोदर आहे आणि पोरगी आईशिवाय राहत नाही. त्या दिवशी काय करायचं?

प्रतिसाद १

हे सेंटरला आधी सांगून ठेवा. इंजेक्शनला आणि कॅमेऱ्याच्या खोलीत तुम्ही थांबा, वहिनींना घरीच राहू द्या. औषधातलं किरणोत्सारी टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मं होतं, त्यामुळे २४ तासांनी सोळावा हिस्साच उरतो. शिवाय थोडं लघवीतून जातं. तेवढा एक दिवस कडेवर घेणं, कुशीत झोपवणं तुम्ही किंवा आजी बघा. वहिनींनी जवळ येऊन जेवू घातलं, दोन मिनिटं बोलल्या तर घाबरायचं कारण नाही. डायपर तुम्हीच बदला, हातमोजे घालून, आणि नंतर हात साबणाने धुवा.