मदत हवी आहे : ओकिनावात आईला काय काय दाखवता येईल?

नमस्कार मंडळी. मी तोक्योत राहते, दिवाळीनंतर आईला ओकिनावाला न्यायचंय. २०१९ च्या ३१ ऑक्टोबरला तिथल्या शुरी किल्ल्याचा मुख्य महाल जळताना टीव्हीवर पाहिला, तेव्हापासून ओकिनावाच्या जुन्या र्‍युक्यू राजांचं वेड लागलंय.

पहिला प्रश्न नाहा या ओकिनावाच्या मुख्य शहरातल्या इतिहास संग्रहालयाचा. त्याच राजांच्या शो घराण्याचा मुकुट तिथे आहे. सोनं, चांदी, स्फटिक, पोवळ्याचे मणी ओळीने गुंफलेला. पण एरवी प्रतिकृती असते आणि अस्सल मुकुट थोडेच दिवस मांडतात म्हणे. ते दिवस आधी कसे कळतात? आईला खराच दाखवायचाय, तिचा जन्म पोवळी ओवण्यात गेलाय.

दुसरं, सेफा उताकी हे तिथलं पवित्र स्थान. दोन प्रचंड खडक एकमेकांना टेकून झालेली ती तिकोनी फट आईला बघायचीच आहे, पण वाट दगडी, घसरडी आणि तिचे गुडघे दुखतात. कुणी वयस्कर माणसाला घेऊन गेलंय का? किती चढावं लागतं?

तामाउदुन मात्र नक्की. राजा शो शिनने १५०१ मध्ये बांधलेली ही राजसमाधी. मधल्या दालनात आधी पार्थिव ठेवायचं, काही वर्षांनी अस्थी धुवायच्या, मग राजा-राणीच्या अस्थी पूर्वेच्या दालनात. हे मराठीत नीट समजावून सांगणारं कुणी आहे का? आई खूप प्रश्न विचारते.