पोटातली फुलपाखरं आणि अंगावरचा काटा

भाचीनं परवा विचारलं, "मावशी, तो समोर आला की पोटात फुलपाखरं उडतात. याला आपला शब्द कोणता?" तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय.

'पोटात फुलपाखरं' हे सरळ इंग्रजीतून आलेलं. ते खटकतं, याचं कारण मला असं वाटतं की मराठीत पोट हे प्रियकर-प्रेयसीचं ठिकाणच नाही. पोटात गोळा येतो भीतीनं. पोटात तुटतं, पोटात कालवतं ते मायेनं. आतडं पिळवटतं रक्ताच्या माणसासाठी. प्रेमात पडलेल्याची मात्र छाती धडधडते, काळजाचा ठोका चुकतो. (मटणवाल्याकडे काळीज मागितलं तर यकृत मिळतं, पण ठोका चुकतो तो हृदयाचा. दोन्ही अर्थ सुखानं नांदतात.)

शरीराच्या बाजूनं पाहिलं तर फुलपाखरं अगदीच खोटी नाहीत. हवंहवंसं माणूस समोर आलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींमधून अ‍ॅड्रेनलिन सुटतं. हृदय जोरात चालतं, तळहात घामेजतात, घशाला कोरड पडते, पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं आणि आतड्यांची चाल बदलते. तीच ती पोटातली चुळबुळ. तोंडी परीक्षेआधी किंवा साप दिसल्यावरही नेमकं हेच घडतं.

भीतीची धडधड ओढ समजली जाते का, हे १९७४ साली डटन आणि अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या कॅपिलानो दरीवरच्या झुलत्या पुलावर तपासलं. पूल खालच्या पाण्यापासून सुमारे ७० मीटर उंच. तिथे एका तरुणीनं पुरुषांना काही प्रश्न विचारले आणि आपला फोन नंबर दिला. जवळच्या बुटक्या, भक्कम पुलावर भेटलेल्यांपेक्षा झुलत्या पुलावरच्यांपैकी जास्त जणांनी तिला नंतर फोन केला. धडधड उंचीची असावी, पण नाव लागलं ओढीचं.

आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट. अंगावरचे केस उभे राहतात तेव्हा त्यांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आवळतात, कारण कुठलंही असो. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भावांपैकी, म्हणजे भावनेनं शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणांपैकी, एक रोमांच. तो स्पर्शानं, भयानं, थंडीनं, हर्षानं येतो असं तिथे म्हटलंय, शब्द एकच. आपण मराठीत मात्र वाटणी केली: भीतीनं काटा, आनंदानं रोमांच, आणि 'शहारा' दोघांनाही चालतो. धडधडही सामाईक. 'धाकधूक' मात्र निकालाच्या दिवशीची, तर 'हुरहुर' तो समोर नसतानाची. म्हणून भाचीला हुरहुर सुचवता येईना.

तिला मी तूर्त 'धडधड' सांगितलं. "पण ती छातीत असते, माझं पोटात होतं," म्हणाली. तिचं खरं आहे. प्रेमातल्या या पोटातल्या चुळबुळीला तुमच्याकडे, विशेषतः कोकणात, खानदेशात किंवा वऱ्हाडात, घरातली मोठी माणसं एखादा शब्द वापरत असतील, तर तो वाक्यासकट सांगा.