फिटची आणि थायरॉइडची गोळी दर महिन्याला बदलू नका

सातरस्ता
परवा इथं एकानं लिहिलं: "गोळी ती गोळीच. फिटची असो, थायरॉइडची असो, जनऔषधीत निम्म्याहून कमी भावात मिळते. ब्रँडवाले डॉक्टरांची कमिशनं भरतात. दर महिन्याला जिथं स्वस्त मिळेल तिथून उचला." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. स्वस्त घ्या, त्याला माझा विरोध नाही. 'दर महिन्याला जिथं मिळेल तिथून' हे वाचून मात्र डोकं तापलं.

तापाची गोळी आणि फिटवरचं फेनिटॉइन एका मापात तोलू नका. यकृत फेनिटॉइनचा निचरा एका मर्यादेपर्यंतच करतं. ती गाठली की डोस जरासा वाढला तरी रक्तातलं प्रमाण एकदम उसळतं, आणि घटलं की फिट. 1968 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात या कॅप्सूलमधली औषध सोडून बाकीची भुकटी बदलली, कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज घातलं. औषध तेवढंच, पण अंगात जास्त शोषलं गेलं आणि पुष्कळ रुग्णांना त्याची बाधा झाली. ब्रिटनच्या औषध नियामकानं 2013 मध्ये फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटल आणि प्रिमिडोन घेणाऱ्याला एकाच उत्पादकाच्या गोळीवर ठेवा, असं सांगितलंय.

थायरॉइडची गोळी म्हणजे थायरॉक्सिन, ती तर मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. गोळी बदलल्यावर टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, स्थिरावायला सहा आठवडे तरी जातात. तुम्ही दर महिन्याला बदलत राहिलात तर हातातला रिपोर्ट नेमका कुठल्या गोळीचा?

माझा धाकटा भाऊ फेनिटॉइनवर आहे. दुकानदारानं न सांगता दुसरंच पाकीट दिलं. महिनाभरात तो लटपटायला लागला, एकाच्या जागी दोन दिसायला लागले. एका लग्नात लोकांनी तो पिऊन आलाय असं ठरवलं. रक्ततपासणीत औषधाचं प्रमाण वर गेलेलं निघालं.

पूर्वभाग_मागवाला
सातरस्ता, तुमच्या भावाचं वाईट वाटलं. पण असल्या पोस्टींचा आमच्या भागात काय अर्थ निघतो ते ऐका. आमची अम्मा विड्या वळते. थायरॉइडची महागातली बाटली संपली की पुढच्या आठवड्याच्या मजुरीपर्यंत गोळी बंद. पाय सुजायचे, बोलताना जीभ जड. जनऔषधी सुरू केल्यापासून एक दिवस चुकला नाही आणि टीएसएच जागेवर आहे. तुम्ही भीती घातली की गरीब माणूस महाग गोळीकडे जात नाही, तो गोळीच सोडतो. आणि फिटची गोळी एकदम सोडली की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

होटगीकर
मागवाल्यांनी भावनिक केलं, पण कायद्यानंच जेनेरिकमध्ये, म्हणजे मूळ कंपनीच्या औषधाच्या नकलेत, 20 टक्के औषध कमी चालतं. 80 ते 125 टक्के हा नियम आहे, वाचा जरा. आणि डॉक्टर काय धुतल्या तांदळाचे नाहीत. आमच्या वडिलांना कंपवातासाठी जे दुकान सांगितलं ते दवाखान्याच्याच जिन्याखाली, आणि तो ब्रँड गावात दुसरीकडं कुठंच नाही. परगावी लग्नाला गेलो, गोळ्या संपल्या, लेव्होडोपाचे डोस चुकले आणि वडील खुर्चीत लाकडासारखे ताठ. त्याचा जाब कोणी द्यायचा?

विजापूररोड_फार्मसी
होटगीकर, तो नियम तुम्ही उलटा वाचलाय. 80 ते 125 म्हणजे गोळीत तेवढं औषध कमी-जास्त असतं असं नाही. मूळ गोळी आणि नवी गोळी यांचं रक्तातलं प्रमाण माणसांवर मोजतात आणि दोन्हींच्या गुणोत्तराची सगळी अनिश्चितता त्या दोन आकड्यांच्या आत बसावी लागते. खरा फरक 20 टक्के असेल तर ती गोळी तिथंच नापास होते.

सातरस्ता, अमेरिकेत लॅमोट्रिजिन या फिटच्याच दुसऱ्या औषधावर हेच तपासलं. फिटच्या रुग्णांना एका जेनेरिकवरून दुसऱ्यावर नेलं, पुन्हा मागं आणलं, तरी रक्तातलं प्रमाण बदललं नाही. हे तुम्ही लिहिलं नाहीत.

आपल्याकडचं दुखणं वेगळं. जुन्या औषधांना ही चाचणी बरीच वर्षं सक्तीची नव्हती. पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांसाठी ती 2017 मध्ये सक्तीची केली. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन त्यातलेच. शिवाय तुम्ही ज्याला ब्रँड म्हणता तेही बहुतेक जेनेरिकच, नाव देऊन विकलेलं. पाकिटाच्या मागं बघा, कारखाना पुष्कळदा तिसऱ्याचाच असतो. जनऔषधीचा मालही निविदेनं वेगवेगळ्या उत्पादकांकडून येतो, वरचं नाव तेच राहतं.

सातरस्ता
लॅमोट्रिजिनचं मान्य. पण ब्रिटनच्या त्या चार नावांत लॅमोट्रिजिन नाहीच. माझा भाऊ फेनिटॉइनवर आहे, आणि फेनिटॉइनचं अंगातलं वागणं वेगळं हे तुम्हालाही ठाऊक आहे. मागवाले, मी ब्रँड घ्या असं एकदाही लिहिलेलं नाही. पुन्हा वाचा.

माहेर_बार्शी
तुम्ही सगळे पुरुष दुकानावर भांडताय. गोळी का बदलते ते मला विचारा. माझ्या मावसबहिणीचं लग्न फिट लपवून झालं. सासरी पाकीट दिसू नये म्हणून गोळ्या पाकिटातून काढून पावडरच्या डब्यात. माहेरचं कोणी आलं की मिळेल त्या दुकानातून मिळेल ती गोळी आणायचं. उत्पादक कुठला हे विचारायची सोय होती का तिला?

आणि ती व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधावर होती. दिवस राहिले तरी डॉक्टरला कळवायचं कसं, सासू बरोबर. पोटात असताना या औषधानं दहातल्या साधारण एका बाळात जन्मजात व्यंग येतं आणि दहातल्या तीन-चार मुलांची वाढ, बोलणं, शिकणं मागं पडतं. तिचा मुलगा आज सहा वर्षांचा आहे आणि दोन शब्दांच्या पुढं बोलत नाही. लग्नाआधी एकानं मोकळेपणानं विचारलं असतं तर लॅमोट्रिजिन नाहीतर लेव्हेटिरासेटामवर नेता आलं असतं. अशा मुलींची गोळी एकदम बंद करायची नाही, हेही तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती मनानंच महिनाभर बंद करून बसली आणि मोरीत पडली.

नवीपेठकर
वाईट झालं, पण मूळ गुन्हा लपवण्याचा आहे. मुलाकडच्यांची ही उघड फसवणूक. अशा लग्नाला कायद्यातच मान्यता नाही.

माहेर_बार्शी
कुठल्या कायद्यात? हिंदू विवाह कायद्यातून मिर्गीचा उल्लेख 1999 मध्येच काढून टाकलाय. शुगरची गोळी घेणाऱ्या मुलाची पत्रिका तुम्ही हसत स्वीकारता. औषधानं दहातल्या सात जणांच्या फिट थांबतात, तरी मुलीची सोयरीक मोडते. मग आईबाप लपवणार नाहीत तर काय करणार? रस्त्यात कुणाला फिट आली की आजही कांदा नाहीतर चप्पल नाकाला लावतात आपल्या गावात, आणि तुम्ही मला फसवणूक शिकवताय.

नवीपेठकर
आवाज चढवू नका. माझ्या सख्ख्या पुतण्याचं लग्न याच कारणानं मोडलं. त्या मुलीला पहिली फिट गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत आली, पुतण्याच्या हातात हात असताना. त्याला काय करायचं तेही ठाऊक नव्हतं, कारण कोणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर तो थांबला असता, असं तो आजही म्हणतो.

माहेर_बार्शी
म्हणजे तुमचाही राग लपवण्यावर आहे, आजारावर नाही. तेवढं असेल तर आपलं भांडण अर्धंच उरतं.

नवीपेठकर
कायद्याचं मला ठाऊक नव्हतं, ते घेतो. बाकीचं घेत नाही.

सातरस्ता
धागा गोळी बदलण्याबद्दल होता. लग्नाचं वेगळं लिहा, मी वाचीन.

माहेर_बार्शी
वेगळं नाही. घरात पाकीट उघडं ठेवता आलं तरच त्याच्यामागचं नाव वाचता येतं.

विजापूररोड_फार्मसी
ताईंचं बरोबर आहे. काउंटरवर सुट्ट्या गोळ्या मागणारे बहुतेक याच कारणानं मागतात. त्यात आपला उन्हाळा. मेमध्ये पारा 43 च्या वर, घर पत्र्याचं, आणि थायरॉक्सिनला ऊन, उजेड, दमट हवा तिन्ही चालत नाही. ती सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, कॅल्शियम नि लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवायचं. पुष्कळ लोकांचा टीएसएच चहाबरोबर गोळी घेतल्यानं हलतो आणि दोष कंपनीला.

पूर्वभाग_मागवाला
अम्मा चहाबरोबरच घेत होती, उद्यापासून बंद करतो. पण माझ्या प्रश्नाला हात कोणी लावला नाही. केंद्रात माल संपला की तिथला माणूस म्हणतो पुढच्या आठवड्यात या. तेव्हा गोळी बदलायची की उपाशी राहायचं?

सातरस्ता
बदलायची. थायरॉक्सिन असेल तर बदलून सहा आठवड्यांनी टीएसएच. फेनिटॉइन असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन, आणि चालताना तोल जातो का, डोळ्यांपुढं दोन दिसतात का यावर घरच्यांनी लक्ष ठेवायचं. डोस मात्र चुकवायचा नाही.

पूर्वभाग_मागवाला
हेच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी इतका भडकलो नसतो.

विजापूररोड_फार्मसी
पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या की रिकामं पाकीट घेऊन या. मागच्या नावावरून तोच उत्पादक मागवता येतो. शेवटची गोळी संपल्यावर आलात तर जे असेल तेच देणार, माझ्याकडं दुसरा उपाय नाही.

होटगीकर
आणि जिन्याखालच्या दुकानाचं?

विजापूररोड_फार्मसी
चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा. ऑगस्ट 2023 मध्ये डॉक्टरांवर तशी सक्ती करणारा नियम आला आणि त्याच महिन्यात स्थगित झाला. त्यामुळं मागितल्याशिवाय मिळणार नाही.