झटके थांबले तरी बीपी बघा
बाळाच्या झटक्यांवर एसीटीएच या हार्मोनची इंजेक्शनं घेतली, झटके थांबले की सुटलो, असं एका पालकानं लिहिलंय; ते मला अर्धंच पटलं. माझ्या भाच्याला सहाव्या महिन्यात वेस्ट सिंड्रोम (तान्ह्या बाळांना होणारा अपस्माराचा एक प्रकार) निघाला. झोपेतून उठला की ओळीनं मान खाली, हात पुढे; खानापूरला घरचे म्हणायचे, बाळ दचकतंय. इंजेक्शनांनी झटके थांबले खरे, पण गाल फुगले, रात्रभर किरकिर, आणि बीपी चढलं. या हार्मोनमुळे कॉर्टिसॉल (शरीरातलंच एक स्टिरॉइड) वाढतं, क्वचित हृदयाचा स्नायूही जाड होतो (औषध संपल्यावर बहुधा पूर्ववत होतो). म्हणून बेळगावला इकोही (हृदयाची सोनोग्राफी) काढला. आधी एका ठिकाणी बीपी नॉर्मल म्हणून सांगितलं होतं! पण बीपी मोजायचा पट्टा मोठ्या मुलाचा, बाळाच्या दंडाला दोन वेढे बसले. दंडाच्या मानानं मोठा पट्टा बीपी कमीच दाखवतो.