मदत हवी आहे: ह्मोंग शेजाऱ्यांच्या बाळाचं 'हू प्ली', काय न्यायचं?

मंडळी, आम्ही मिनेसोटात, सेंट पॉलला राहतो. शेजारचं कुटुंब ह्मोंग (आग्नेय आशियातल्या डोंगराळ भागातला एक समाज) आहे. आजी-आजोबा मूळचे लाओसच्या डोंगरातले. १९७५ नंतर मेकाँग ओलांडून थायलंडच्या निर्वासित छावणीत आणि तिथून इथे. त्यांच्या पणतवाचं 'हू प्ली' शनिवारी आहे. दारात उभं राहून बाळाच्या आत्म्याला घरात बोलवायचं आणि मग जमलेल्यांनी त्याच्या मनगटाला पांढरे दोरे बांधायचे. मला तर हे बारसं आणि राखी एकत्र केल्यासारखं वाटतं. (त्यांच्यातही एकाच कुळात लग्न चालत नाही. 'आमच्यात सगोत्र म्हणतात' असं सांगितल्यावर आजी इतक्या खूश झाल्या की चहा गार झाला.)

आता अडचण. या विधीला कोंबडी आणि अंडी लागतात, जेवणातही मांस असणारच. माझ्या सासूबाई माळकरी आहेत आणि त्यांनाही आग्रहाचं आमंत्रण आहे. त्यांनी नुसता भात खाल्ला तर यजमानांना वाईट वाटेल का? की आधीच शेजाऱ्यांच्या सुनेच्या कानावर घालू? दोरा बांधताना सगळे आशीर्वाद पुटपुटतात म्हणे, तिथे मराठीत 'औक्षवंत हो' म्हटलं तर चालेल ना? पाकिटात पैसे द्यायची पद्धत आहे, पण वर एक डॉलर ठेवायची आपली सवय त्यांना विचित्र वाटेल का?

अशा कार्यक्रमाला कुणी गेलं असेल तर शुक्रवारच्या आत सांगा, प्लीज. सासूबाईंनी बाळासाठी दुपटं शिवायला घेतलंय, पांढऱ्या रंगाचं. रंग चालेल ना, तेही सांगा.